शिंडेनगेन एसएच७७५: कॉइल पुन्हा पुन्हा जळणाऱ्या बाइकसाठी

मॅग्नेट कॉइल एकदा बदलूनही पुन्हा जळाली असेल, तर तिसरी कॉइल घ्यायच्या आधी रेग्युलेटरकडे बघा. मी माझ्या बाइकवर शिंडेनगेन कंपनीचा एसएच७७५ हा सीरिज प्रकारचा रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलची एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग, बसवला. उन्हात, पावसात, रांगत्या ट्रॅफिकमध्ये आणि लांबच्या प्रवासात तो भरपूर वापरून झाल्यावर हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: मॅग्नेटमधून तीन पिवळ्या वायरी बाहेर येणाऱ्या मोठ्या बाइकसाठी याच्याइतका उपयोगी बदल मला माहीत नाही. पण जुना काढला, नवा खोचला आणि झालं, असं हे काम नाही. निम्मं यश रेग्युलेटरचं आणि निम्मं वायरिंगचं.

मी कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करते. थ्री फेज मोटर, कॉन्टॅक्टर, लग, क्रिम्पिंग यातच दिवस जातो, त्यामुळे बाइकची इलेक्ट्रिकल बाजू मी स्वतःच बघते. बाइक चार सिलिंडरची, जुनी, पण इंजिन ठणठणीत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा त्रास एकाच कंपनीचा नाही. या मांडणीच्या बाइक ज्यांच्याकडे आहेत, त्यांतल्या खूप जणांनी तो सोसला आहे.

मांडणी अशी असते. क्रँकशाफ्टच्या टोकाला चुंबकांचा रोटर फिरतो आणि त्याच्या आत स्टेटर, म्हणजे आपण जिला मॅग्नेट कॉइल म्हणतो ती, स्थिर बसलेली असते. चुंबक कायमचे असल्यामुळे वीज तयार होतानाच कमी-जास्त करायची सोय नाही. इंजिनाचा वेग वाढला की कॉइलमधून निघणारी वीज वाढणारच. मग जादा विजेचं करायचं काय? नेहमीच्या शंट रेग्युलेटरचं उत्तर सरळ आहे: व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या घरात पोचला की तो कॉइलचे तीनही फेज, म्हणजे तिन्ही पिवळ्या वायरी, आतल्या थायरिस्टरमधून (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट करतो. व्होल्टेज खाली आला की सोडतो, परत चढला की परत शॉर्ट. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं.

म्हणजे बाइकला गरज असो वा नसो, कॉइल कायम पूर्ण भाराने राबते. बॅटरी भरलेली आहे, दिवसाउजेडी हायवेवर एका वेगात चालला आहात, विजेची गरज सगळ्यांत कमी आहे, आणि नेमकी तेव्हाच कॉइल सगळ्यांत जास्त तापते. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं उलगडतं.

यातूनच एक गैरसमज निघतो. हॅलोजन काढून एलईडी लावले की कॉइलवरचा भार कमी होतो, असं पुष्कळांना वाटतं. शंट रेग्युलेटर असेल तर तसं अजिबात होत नाही. दिव्यांनी न वापरलेली वीज तो स्वतःतून शॉर्ट करून टाकतो. कॉइलचा करंट तेवढाच राहतो आणि वर रेग्युलेटर आणखी तापतो. रेग्युलेटरवर छोटा पंखा लावणारेही बरेच आहेत. त्याने रेग्युलेटरचं आयुष्य वाढतं हे खरं, पण कव्हरच्या आत बसलेल्या कॉइलपर्यंत ती हवा पोचत नाही.

सीरिज रेग्युलेटर शॉर्ट करत नाही. व्होल्टेज पुरेसा झाला की तो कॉइलचा मार्गच तोडतो, आणि गरज पडली की पुन्हा जोडतो. कॉइलमधून तेवढाच करंट वाहतो जेवढा बाइक खरोखर वापरते. इथे मात्र एलईडी लावल्याचा फायदा थेट कॉइलला मिळतो.

माझ्या बाइकवरचे आकडे सांगते. एका पिवळ्या वायरीवर क्लॅम्प मीटर लावून ५००० आरपीएमला आधी २० अँपिअरच्या वर करंट दिसायचा, हेडलाइट चालू असो वा बंद. एसएच७७५ बसवल्यावर तोच करंट १२-१३ वर आला, आणि हेडलाइट बंद केला की आणखी खाली. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून हा फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. माझ्या कॉइलचा दोन वायरींमधला रेझिस्टन्स ०.३ ओहम, म्हणजे एका फेजचा ०.१५. २० अँपिअरला तिन्ही फेज मिळून १८० वॉट उष्णता कॉइलच्या तांब्यातच तयार होते. साडेबाराला ती ७० वॉटच्या आसपास येते. शंभराहून जास्त वॉटचा ताप त्या बंद कव्हरमधून कमी झाला. (क्लॅम्प मीटरबद्दल एक सूचना. १२ चुंबकी ध्रुवांचा रोटर ५००० आरपीएमला फिरला तर फ्रिक्वेन्सी ५०० हर्ट्‌झ होते, आणि साधे मीटर तिथे अचूक आकडा देतीलच असं नाही. एकच मीटर आधी आणि नंतर वापरा, फरक कळायला तेवढं पुरतं.)

आता नीट तपासणी न करता हा रेग्युलेटर मागवू नका. चार्जिंग होत नाही म्हटल्यावर पहिला बळी बॅटरीचा जातो. नवी बॅटरी येते, आठवडाभर बाइक छान सुरू होते आणि परत तेच. बॅटरी बदलणं हा उपाय नाही, तो आठवडाभराचा उधार आहे. आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. काही तास तशीच ठेवल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग बाइक सुरू करून ५००० आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर मोजा. १४ ते १४.७ असेल तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या खाली राहून आणखी उतरत असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटरचा ताबा सुटला आहे, आणि ही अवस्था जास्त वाईट, कारण बॅटरी उकळते, बल्ब जातात, ईसीयूलाही (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) धोका असतो. तशी बाइक चालवू नका.

पुढे कॉइल. तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टर काढा. इंजिन बंद असताना दोन-दोन वायरींमध्ये मोजा: तिन्ही जोड्यांत सारखा, एका ओहमच्या आतला रेझिस्टन्स हवा. कुठल्याही पिवळ्या वायरीपासून इंजिनाच्या बॉडीला मार्ग मिळता कामा नये. मग कनेक्टर काढलेलाच ठेवून इंजिन सुरू करा आणि दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोजा. बऱ्याच बाइकवर ५००० आरपीएमला हा ५० ते ७० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे हात जपा. आपल्या बाइकचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण तिन्ही जोड्या सारख्या असणं हे आकड्याहून महत्त्वाचं. एक जोडी पडलेली असेल तर कॉइल गेली. थंड असताना नीट आणि गरम झाल्यावर पडणारी कॉइलही असते, म्हणून इंजिन पूर्ण तापवूनही मोजा.

माझ्याकडे इन्सुलेशन टेस्टर आहे, त्यामुळे मी कॉइल ५०० व्होल्टला बॉडीशीही तपासली. हे सीरिज रेग्युलेटर लावणाऱ्याने जरूर करावं. मार्ग तुटलेला असताना कॉइलच्या टोकांवर शंटपेक्षा जास्त व्होल्टेज उभा राहतो. धड कॉइलला त्याने काही होत नाही, पण आधीच करपलेलं, तडकलेलं इन्सुलेशन असेल तर ते तिथे हार मानू शकतं. टेस्टर लावताना कॉइल रेग्युलेटरपासून पूर्ण सुटी हवी, नाहीतर तो ५०० व्होल्ट रेग्युलेटरमध्ये घुसेल.

कॉइल आणि रेग्युलेटर दोन्ही चांगले निघाले तर? तर कनेक्टर बघा. खरं तर सगळ्यांत आधी तोच बघायला हवा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. माझ्या बाइकचा पिवळ्या वायरींचा कनेक्टर वरून बरा वाटत होता. सोडवायला गेले तर दोन भाग एकमेकांना चिकटलेले. पान्याच्या टोकाने हळूच फाकवले तेव्हा मधल्या पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन आत बसलेलं दिसलं. पितळी टर्मिनल निळंकाळं पडलं होतं. वायरीचं आवरण बोटभर मागेपर्यंत कडक झालं होतं आणि सोललं तर आतलं तांबं काळं. ती वायर मी थोडी थोडी कापत मागे गेले, चकचकीत लाल तांबं लागेपर्यंत. काळ्या तांब्यावर नवा टर्मिनल दाबला तर तो पुन्हा तापणार, सोल्डरही नीट धरणार नाही.

हे का होतं ते करंटवरूनच कळतं. सांध्यात फक्त ०.१ ओहम वाढला आणि २० अँपिअर वाहिले, तर त्या पिनमध्ये ४० वॉट तयार होतात. सोल्डरिंग इस्त्रीएवढी उष्णता नखाएवढ्या जागेत! प्लास्टिक वितळणार नाही तर काय होईल. आणि शंट रेग्युलेटरमुळे हा करंट सतत असतो, म्हणजे कॉइलइतकाच त्रास कनेक्टरलाही.

कनेक्टर काढून पिवळ्या वायरी थेट जोडून टाकणं हा मालकांचा जुना आणि चांगला उपाय आहे. तीनही वायरी एकसारख्या असल्यामुळे क्रम चुकण्याची भीती नसते, कुठलीही कुठल्याही पिवळीला चालते. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं मात्र करू नका. योग्य मापाची जोडनळी, चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबलेली, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. जोराने ओढून बघा, सुटली नाही तर सांधा झाला. सोल्डर करणार असाल तर लक्षात ठेवा की सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि व्हायब्रेशनने नेमकी तिथेच तुटते, म्हणून तो भाग फ्रेमला आधार देऊन बांधा.

कॉइल जळालीच असेल तर रिवाइंड करून घेता येते. माझी ज्या काकांनी भरली ते आयुष्यभर मोटरी भरत आले आहेत. त्यांनी जुन्या तारेचा गेज मोजला, प्रत्येक दातावरचे वेढे मोजले, वेढ्यांची दिशा कागदावर लिहून घेतली आणि मगच तार काढली. तार १८० अंश सेल्सिअस सहन करणाऱ्या एच क्लास इन्सुलेशनची वापरली आणि वर वॉर्निश भाजून दिलं. कॉइल हातात देताना म्हणाले, “ताई, भरली मी मन लावून. पण जळण्याचं कारण बाहेर आहे, ते तुम्ही शोधा.” त्यांचं ते वाक्य मी फार मानते. कॉइल बसवताना कव्हर रोटरच्या चुंबकांमुळे शेवटच्या क्षणी खाडकन खेचलं जातं. बोटं मध्ये येऊ देऊ नका. गॅस्केट नवं घ्या आणि रोटरमधले चुंबक घट्ट चिकटलेले आहेत ना, तेही हात फिरवून बघा.

आता रेग्युलेटरविषयी. शिंडेनगेन ही १९४९ मध्ये स्थापन झालेली जपानी कंपनी, बाइक कंपन्यांना मूळ पार्ट पुरवते. एसएच७७५ पोलॅरिसच्या ऑफ-रोड गाड्यांमध्ये मुळातून येतो आणि बाइकवाल्यांनी तो तिथून उचलला. क्षमता ३५ अँपिअर. त्याहून मोठ्या कॉइलसाठी त्याच कंपनीचा एसएच८४७ आहे, ५० अँपिअरचा. एफएच०२० हे नावही ऐकायला मिळेल. तो मॉसफेटचा (हाही इलेक्ट्रॉनिक स्विचच), ५० अँपिअरचा आणि दर्जाने उत्तम, पण तो शंटच आहे. थायरिस्टरपेक्षा मॉसफेटमध्ये कमी वीज वाया जाते म्हणून तो स्वतः थंड राहतो, कॉइल मात्र पूर्वीइतकीच राबते. रेग्युलेटर वारंवार जात असेल आणि कॉइल कधीच जळाली नसेल तर एफएच०२० ठीक. कॉइल जळत असेल तर सीरिजच हवा.

हातात घेतल्यावर बांधणी लगेच जाणवते. अॅल्युमिनियमच्या जाड बॉडीला खोल फिन, मागे आतला सगळा भाग भरून बंद केलेला, पाणी शिरायला जागा नाही. तीन पिनचं एक सॉकेट एसीसाठी, दोन पिनचं डीसीसाठी. एवढंच. वेगळी सेन्स वायर नाही, म्हणजे व्होल्टेज तो स्वतःच्या आउटपुटवरच बघतो. या एका गोष्टीमुळे वायरिंग निर्णायक ठरतं. त्याच्या टोकाला १४.४ असतील आणि वाटेत जुन्या वायरिंगमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट गळत असेल, तर बॅटरीला पावणेचौदाच्या आसपासच मिळतात आणि रेग्युलेटर मात्र समाधानी असतो.

म्हणून मी जुन्या वायरिंगमधून करंट नेलाच नाही. रेग्युलेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज. मायनसचीही तशीच वायर थेट बॅटरीच्या मायनसला, फ्रेमच्या भरवशावर नाही. जुन्या वायरिंगची रेग्युलेटरकडे येणारी टोकं प्रत्येकी वेगळी बंद करून बांधली. त्यातली प्लसची वायर कायम जिवंत असते, ती उघडी राहिली आणि फ्रेमला टेकली तर मेन फ्यूज उडेल. मूळ मेन फ्यूज बाइकच्या बाकीच्या वायरिंगसाठी जिथे आहे तिथेच राहतो.

काम झाल्यावर एक मोजणी चुकवू नका. इंजिन ५००० वर, दिवे चालू, मीटरचं एक टोक रेग्युलेटरच्या प्लसवर, दुसरं बॅटरीच्या प्लसवर. दिसेल तो व्होल्टेज वाटेत हरवलेला आहे. मायनस बाजूलाही तसंच. ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर सांधे पुन्हा बघा. माझ्याकडे जुन्या वायरिंगवर प्लस बाजूलाच ०.६ जात होते, आता मीटरवर जेमतेम ०.१ दिसतात. बॅटरीवर आयडलला १३.९ आणि ५००० ला १४.४. रेडिएटरचा पंखा सुरू झाला तरी आकडा फारसा हलत नाही. पूर्वी लांबच्या प्रवासानंतर रेग्युलेटरला बोट लावणं अशक्य होतं, आता तळहात ठेवता येतो.

तक्रारीही आहेत. बरोबर कनेक्टर येत नाहीत, वायर येत नाही, कागदही येत नाही. ते सगळं वेगळं शोधावं लागतं, आणि चुकीच्या मापाचे टर्मिनल घुसवले तर वितळलेल्या कनेक्टरची गोष्ट नव्याने सुरू होते. स्क्रूची भोकं माझ्या बाइकच्या जागेशी जुळली नाहीत, अॅल्युमिनियमची पट्टी कापून मधे घालावी लागली. आकारही मूळ रेग्युलेटरपेक्षा मोठा आहे. सीटखालच्या बंद खोबणीत तो कोंबू नका, त्यालाही हवा लागते. आयडलला डिजिटल मीटरचा शेवटचा आकडा सारखा नाचतो, कारण तो तोड-जोड करत असतो. दिव्यांत मला त्याचा काही परिणाम दिसला नाही. सगळ्यांत मोठी अडचण नकली मालाची. बाहेरून हुबेहूब दिसणारे नग विकले जातात. बसवल्याबरोबर आयडलपासून वरच्या आरपीएमपर्यंत व्होल्टेज बघत जा, १५ च्या दिशेने चढायला लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करून काढा. लिथियम बॅटरी असेल तर ही काळजी दुप्पट घ्या, तिला १५ च्या वरचा व्होल्टेज चालत नाही.

इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढून “चार्जिंग आहे का” बघण्याची सवय पुष्कळांना आहे. कुठल्याच रेग्युलेटरवर ते करू नका. बॅटरी नसली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि रेग्युलेटरसकट ईसीयू जाऊ शकतो.

वाटेत चार्जिंग गेलंच तर बॅटरीत जे आहे ते पुरवून वापरायचं. हेडलाइटचा फ्यूज काढा, गरम ग्रिप आणि फोनचा चार्जर बंद करा, इंजिन बंद न करता चालत राहा. इंजेक्शनच्या बाइकला फ्युएल पंप आणि ईसीयू चालवावेच लागतात, त्यामुळे छोट्या बॅटरीवर फार लांब जाता येणार नाही, पण जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत नक्की जाल.

हा रेग्युलेटर कोणी घेऊ नये तेही सांगते. कॉइलचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि हेडलाइट थेट एसीवर चालतो, अशा जुन्या छोट्या बाइकला हा चालत नाही. ब्रश आणि फील्ड कॉइल असलेल्या अल्टरनेटरच्या बाइकलाही याचा उपयोग नाही. तिथे चुंबकाची ताकदच कमी-जास्त करून वीज आवरली जाते, त्यामुळे जादा वीज जाळायचा प्रश्नच येत नाही. आणि ज्यांचं चार्जिंग १४.४ वर वर्षानुवर्षं स्थिर आहे, कनेक्टर स्वच्छ आहे, कॉइल कधी तक्रार करत नाही, त्यांनी चालू गोष्टीला हात लावू नये. फक्त पिवळ्या वायरींचा कनेक्टर अधूनमधून उघडून बघावा. प्लास्टिकवर तपकिरी छटा दिसली, तर काम त्याच आठवड्यात काढावं.